गोड पदार्थात चहाची चव का हरवते?

कडक चहा करून तो केकच्या मिश्रणात ओतावा आणि भाजून झाल्यावर केकला नुसता तपकिरी रंग यावा, चव मात्र कुठेच लागू नये. किंवा आइस्क्रीमसाठी चहापूड दुधात भरपूर उकळावी आणि हाती यावा तो जीभ कोरडी पाडणारा कडवट थंड गोळा. घरी चहाच्या स्वादाचे गोड पदार्थ करून पाहणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार या दोहोंपैकी एक असते. माचाचे (हिरव्या चहाच्या बारीक पुडीचे) हिरवे केक आणि अर्ल ग्रे या सुगंधी काळ्या चहाची बिस्किटे गेल्या काही वर्षांत सगळीकडे दिसू लागली, तशा त्यांच्या पाककृतीही भरपूर उपलब्ध झाल्या. मात्र चहा कशात मुरवायचा, किती वेळ, आणि तेवढाच वेळ का, याचे कारण त्यांत क्वचितच दिलेले असते. ते कारण फारसे अवघड नाही, आणि ते एकदा समजले की हातातली कोणतीही पाककृती आपली आपल्याला दुरुस्त करता येते.

पानात असते तरी काय

काळा, हिरवा, या दोहोंच्या मधला ऊलाँग आणि पांढरा हे सगळे चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच वनस्पतीच्या पानांपासून तयार होतात. तोडणीनंतर पानाचा हवेशी किती संबंध येऊ दिला आणि त्याला उष्णता केव्हा दिली, यावर चहाचा प्रकार ठरतो. गोड पदार्थ करणाऱ्याने या पानातील घटकांचे तीन गट लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिला गट सुगंधी द्रव्यांचा. चहात अशी सहाशेहून अधिक द्रव्ये ओळखली गेली आहेत, पण ती सगळी मिळून पानाच्या वजनाचा अगदी किरकोळ अंश भरतात आणि उष्णतेने चटकन उडून जातात. दुसरा गट पॉलिफेनॉलचा, म्हणजे चहाला तुरटपणा आणणाऱ्या द्रव्यांचा. हिरव्या चहाच्या सुक्या पानात त्यांचे प्रमाण वजनाच्या २० ते ३० टक्क्यांपर्यंत असते. काळा चहा तयार होताना त्यांचे रूप बदलते, तुरटपणा मात्र उरतो. तिसरे कॅफीन, साधारण २ ते ४ टक्के, आणि चवीला कडू. ज्याला आपण ‘चहाचा स्वाद’ म्हणतो तो प्रामुख्याने पहिल्या गटातून येतो, आणि वजनाने भारी आहेत ते उरलेले दोन. पाने कशीही उकळली तर बाहेर काय जास्त येणार, हे यावरून उघड आहे.

येथे एक बारकावा सांगायला हवा, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे. कडू ही चव आहे, तुरटपणा मात्र बराचसा स्पर्श आहे. तुरट द्रव्ये लाळेतील प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासल्यासारखी वाटते. गरम पेयात ही भावना घोटाबरोबर निघून जाते. घट्ट, थंड आणि तोंडात रेंगाळणाऱ्या पदार्थात ती तिथेच बसून राहते.

पाणी एक गोष्ट काढते, स्निग्धांश दुसरी

हाताला लागलेले ग्रीस नुसत्या पाण्याने निघत नाही, पण थोडे तेल चोळले तर निघते. चहातील बहुतेक सुगंधी द्रव्यांचा कल असाच तेलाकडे, म्हणजे स्निग्धांशाकडे असतो. तुरट द्रव्ये आणि कॅफीन यांचा कल मात्र पाण्याकडे. म्हणूनच वितळलेल्या लोण्यात चहाची पाने मुरवून गाळली, तर लोण्याला वास येतो आणि कडवटपणा बहुतांशी चोथ्यातच राहतो. हेच पाणी वापरून केले, तर तिन्ही गट एकदम बाहेर पडतात.

दूध आणि क्रीम ही पाणी आणि लोणी यांच्या मधे येतात. ३५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीममध्येही सुमारे ६० टक्के पाणीच असते, त्यामुळे तुरट द्रव्ये तिथेही उतरतात. परंतु दुधात केसीन नावाचे प्रथिन असते आणि ते या द्रव्यांना लाळेपर्यंत पोहोचण्याआधीच पकडून ठेवते. दूध घातलेला चहा सौम्य लागतो तो एवढ्याचसाठी. बदामाच्या किंवा नारळाच्या दुधात केसीन नसते, म्हणून तीच पाककृती त्यात केली तर चहा तितकाच मुरवूनही जास्त तुरट लागतो. अशा दुधात मुरवण्याचा वेळ सरळ निम्मा करावा.

पाने वाढवावीत, मिनिटे वाढवू नयेत

चव तपासणाऱ्या तज्ज्ञांसाठी चहा कसा करावा याचे आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८० साली प्रसिद्ध झाले. त्यात १०० मिलिलीटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटे असा हिशेब आहे. तो चहा बराच कडक होतो. त्या मानकाचा हेतू चहा रुचकर व्हावा हा नसून त्यातले दोष झाकले जाऊ नयेत हा आहे. गोड पदार्थासाठी सुरुवात मात्र याच प्रमाणापासून करावी लागते, किंबहुना थोडे वरूनच, कारण साखर, अंडी आणि स्निग्धांश हे सगळे मिळून चहाला दाबतात. ५०० मिलिलीटर दूध-क्रीमला १२ ते १५ ग्रॅम काळ्या चहाची पाने हे प्रमाण ऐकायला जास्त वाटते, पण योग्य आहे.

प्रमाण वाढवले की वेळ कमी ठेवणे शक्य होते, आणि सगळी मेख तिथेच आहे. सुगंधी द्रव्ये पहिल्या काही मिनिटांतच मोठ्या प्रमाणात बाहेर येतात. तुरट द्रव्ये सावकाश येत राहतात आणि थांबत नाहीत. थोडी पाने पंधरा मिनिटे मुरवून जो ‘कडकपणा’ मिळतो तो बहुतांशी तुरटपणाच असतो. भरपूर पाने घेऊन पाच ते सात मिनिटांत गाळले, तर चहा ठसठशीत आणि तरीही सौम्य लागतो.

प्रत्यक्षात हे असे करावे. पाने एका भांड्यात घेऊन त्यावर दोन चमचे उकळते पाणी घालावे आणि मिनिटभर थांबावे. स्निग्धांशाच्या सान्निध्यात सुके पान सावकाश फुलते, आधी ओले केले तर लवकर उलगडते. दूध किंवा क्रीम कडेने बारीक बुडबुडे दिसेपर्यंतच तापवावे, उकळी आणू नये. मग आच बंद करून पाने त्यात घालावीत आणि झाकण ठेवावे, कारण वाफेबरोबर जे उडते तेच तर आपल्याला हवे असते. हिरव्या चहासाठी दूध ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या वर नसावे. गाळताना चोथा गाळणीत चमच्याने हलकेच दाबावा. पिळून काढला तर बारीक चुरा खाली उतरतो आणि पदार्थ खसखशीत लागतो.

यानंतरची पायरी बहुतेकजण वगळतात आणि मग कस्टर्ड घट्ट झाले किंवा चॉकलेटचे मिश्रण फुटले म्हणून गोंधळतात. चहाची पाने स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट द्रव शोषून घेतात. १५ ग्रॅम पानांनी ५० ग्रॅमपर्यंत क्रीम गिळले तरी आश्चर्य मानू नये. म्हणून गाळल्यावर द्रव पुन्हा मोजावा आणि जेवढा कमी भरेल तेवढे ताजे दूध किंवा क्रीम घालून भरून काढावा. पाककृतीतील माप हे गाळल्यानंतरचे माप आहे असे समजावे, मग ती तसे म्हणो अथवा न म्हणो.

ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी याहून चांगला मार्ग आहे: थंड क्रीममध्ये पाने घालून झाकण लावून भांडे रात्रभर, म्हणजे आठ ते बारा तास, फ्रिजमध्ये ठेवावे. थंडीत तुरट द्रव्ये आणि कॅफीन कमी उतरतात, वास मात्र स्निग्धांशात सावकाश मुरतो. शिवाय न तापवलेले क्रीम सकाळी लगेच फेटता येते. तापवलेले क्रीम फेटायचे असेल तर त्यातील स्निग्धांश पुन्हा घट्ट होण्यासाठी ते काही तास चांगले गार करावे लागते. मोगऱ्याच्या वासाचा चहा किंवा हलका ऊलाँग यांसाठी मला हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते.

मग चहा उकळून आटवला तर?

ही शंका स्वाभाविक आहे. पातळ द्रव आटवला की चव एकवटते, हा स्वयंपाकघरातला रोजचा अनुभव आहे. पण चहाच्या बाबतीत एकवटते ते फक्त न उडणारे. आटवताना वाफेबरोबर सुगंध निघून जातो आणि कडू-तुरट भाग भांड्यात दाट होत राहतो. रंग इतका सुंदर येतो की फसायला होते. दूध आणि साखरेसह खूप वेळ उकळलेल्या चहाची स्वतःची एक चव असते हे मान्य. ती आवडत असेल तर तिचे पुडिंग जरूर करावे, परंतु त्यात जे लागते ते बरेचसे आटलेल्या दुधाचे असते.

लोखंडी भांड्यात चहा उकळू नये, हेही जाता जाता सांगतो. तुरट द्रव्यांचा लोहाशी संयोग होऊन द्रव शाईसारखा काळपट पडतो.

केकचा हिशेब

केकमध्ये चहा लागत नाही याचे कारण रसायनशास्त्रापेक्षा अंकगणितात आहे. मध्यम आकाराच्या केकच्या मिश्रणात दूध किंवा पाणी असते साधारण १२० मिलिलीटर. त्याऐवजी कडक चहा घातला तरी सबंध केकमध्ये गेला तो जेमतेम अर्धा कप, आणि त्याचे दहा तुकडे झाले. एका तुकड्याच्या वाट्याला दोन-तीन चमचे चहा येतो, तोही मैदा, लोणी, साखर आणि अंडी यांच्या गर्दीत. वर ओव्हनमध्ये अर्धा-पाऊण तास सुगंध उडत राहतो, ते वेगळेच. भाजताना घरभर चहाचा वास दरवळला तर आनंद होतो खरा, पण तो वास केकमधून बाहेर पडलेला असतो.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकत्र वापरता येतात. लोणी मंद आचेवर वितळवून त्यात पाने दहा मिनिटे मुरवावीत, गाळावे, आणि पाककृतीला मऊ लोणी हवे असेल तर ते पुन्हा घट्ट होऊ द्यावे. दुसरा उपाय म्हणजे पाने ग्राइंडरमध्ये अगदी बारीक दळून मैद्यातच मिसळावीत. यात मुरवण्याचा प्रश्न उरत नाही, कारण पान पदार्थातच राहते. एका केकला एक ते दोन चमचे पूड पुरते. पूड भरड राहिली तर दातांखाली येते, आणि ते काळे ठिपके बिस्किटात छान दिसले तरी मऊ केकमध्ये खुपतात. तिसरा उपाय मला सर्वांत परिणामकारक वाटतो: केक ओव्हनमधून काढल्यावर कडक चहा आणि साखर समप्रमाणात विरघळवून केलेला पाक त्यावर ब्रशने लावावा. हा चहा ओव्हनमध्ये गेलेलाच नसतो, त्यामुळे त्याचा सुगंध शाबूत असतो. पाकासाठी चहा आधी गाळून घ्यावा आणि साखर त्याच्या उष्णतेतच विरघळवावी. पाक उकळू लागला की मघाचीच चूक पुन्हा होते.

कोणता चहा घ्यावा

महागडा, नाजूक चहा क्रीममध्ये घालणे म्हणजे बहुधा नासाडी. दार्जिलिंगच्या पहिल्या तोडणीचा फुलासारखा गंध लोणी-साखरेपुढे टिकत नाही; तो पाण्यावर केलेल्या जेलीत किंवा सरबतासारख्या बर्फाळ पदार्थात शोभतो. दूध-क्रीमला आसामसारखा भरदार काळा चहा किंवा होजिचा हा भाजलेला जपानी हिरवा चहा चांगला पेलतो. पानांच्या आकाराकडेही पाहावे. दाणेदार सीटीसी चहा आणि टी-बॅगमधला चुरा यांचे तुकडे बारीक असल्याने त्यांतून सगळेच झपाट्याने उतरते, म्हणून त्यांना तीन-चार मिनिटे पुरेत. टी-बॅग वापरू नये असे मुळीच नाही. उलट बॅगमधील चुरा बिस्किटांच्या पिठात थेट घालायला सोयीचा पडतो.

पाककृतींत अर्ल ग्रे इतक्या वेळा का येतो, याचे उत्तरही स्निग्धांशातच आहे. या चहाला बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल लावलेले असते आणि ते तेल क्रीम-लोण्यात सहज मिसळते. त्यामुळे अर्ल ग्रेचा पदार्थ सहसा फसत नाही. मात्र तो खाताना आपण चहापेक्षा बर्गमॉटच जास्त चाखत असतो. देवदारवर्गीय लाकडाच्या धुरात सुकवलेल्या लॅपसांग सूशाँगचेही तसेच आहे. त्याचा धुरकट वास इतका जोरकस की गडद चॉकलेटपुढेही तो टिकतो. इतर चहांसाठी व्हाइट चॉकलेट बरे, कारण कोकोतही चहाच्याच जातीची तुरट द्रव्ये असतात आणि दोन तुरट एकत्र आले की तोंड आवळते.

माचाची गोष्ट वेगळी

माचा गाळला जात नाही. सावलीत वाढवलेल्या पानांची ही अतिशय बारीक पूड पदार्थात जशीच्या तशी राहते, विरघळत नाही, फक्त पसरते. म्हणजे आतापर्यंत वेळ आणि द्रव यांवर जो ताबा सांगितला तो इथे नाही, आणि पानातील सगळे काही पोटात जाते. नियंत्रण उरते ते केवळ प्रमाणावर. ५०० मिलिलीटर आइस्क्रीमच्या मिश्रणाला ८ ते १० ग्रॅमच्या वर जाऊ नये.

माचाच्या गुठळ्या होतात, कारण पुडीच्या ढेकळाचा बाहेरचा थर ओला होऊन आतल्या कोरड्या पुडीपर्यंत द्रव जाऊच देत नाही. आधी चाळून, मग त्यात कोरडी साखर मिसळून घ्यावी. साखरेच्या कणांमुळे पुडीचे कण एकमेकांपासून सुटे राहतात. त्यानंतर थोड्याशा कोमट दुधात घोटून पेस्ट करावी आणि मगच उरलेले दूध हळूहळू घालावे.

राहिला रंग. माचाचा हिरवा रंग क्लोरोफिलचा असतो, आणि उष्णता किंवा आम्ल मिळाले की क्लोरोफिलच्या रेणूतील मॅग्नेशियम निसटते व रंग शेवाळी-तपकिरी होतो. भाजलेला माचा केक चित्रातल्यासारखा हिरवागार न होणे हा करणाऱ्याचा दोष नाही. रंग महत्त्वाचा असेल तर माचा न भाजता लागणाऱ्या भागात, म्हणजे क्रीममध्ये, व्हाइट चॉकलेटमध्ये किंवा आइस्क्रीममध्ये घालावा आणि लिंबाचा रस त्याच्यापासून दूर ठेवावा.

जेली गढूळ का होते, दूध का फाटते

कडक काळा चहा गार झाला की ढगाळ दिसतो. कॅफीन आणि तुरट द्रव्ये थंडीत एकमेकांना धरून बारीक कण तयार करतात. चहा पुन्हा गरम केला तर तो नितळ होतो. जेलीत ही अडचण वाढते, कारण जिलेटिन हे प्रथिन आहे आणि तुरट द्रव्ये त्यालाही चिकटतात. नितळ जेली हवी असेल तर चहा थंड पाण्यात मुरवलेला घ्यावा किंवा जिलेटिनऐवजी अगर-अगर वापरावे. ते समुद्री शेवाळापासून मिळते, प्रथिन नव्हे, त्यामुळे या भानगडीत पडत नाही.

चहाने दूध फाटते ही भीती मात्र बहुधा अनाठायी आहे. दूध फाटण्यासाठी जितके आम्ल लागते तितके साध्या चहात नसते. जास्वंदीच्या कुळातील लाल अंबाडीच्या बोंडांचा काढा, ज्याला सर्रास चहाच म्हटले जाते, तो मात्र चांगलाच आंबट असतो आणि दूध हमखास फाडतो. तो पाण्यावरच्या पदार्थांसाठी ठेवावा.

कडू झालेच, तर साखर वाढवावी का?

थोडी वाढवावी, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. साखर कडूपणा झाकते. जिभेवरच्या कोरडेपणावर तिची मात्रा फारशी चालत नाही, कारण तो मुळात स्पर्श आहे. त्यावर उपाय म्हणजे आणखी दूध किंवा क्रीम. चिमूटभर मीठ मात्र कडूपणा खरोखर कमी करते. आइस्क्रीमचे मिश्रण चाखताना हेही ध्यानात असावे की थंडीत गोडी आणि सुगंध दोन्ही मंद लागतात, म्हणून कोमट असताना किंचित जास्त गोड आणि किंचित जास्त कडक वाटणारे मिश्रणच गोठल्यावर बरोबर लागते. शंका असेल तर एक चमचा मिश्रण आधी गोठवून पाहावे.

लहान मुलांना द्यावे का?

ओव्हनच्या उष्णतेने कॅफीन नष्ट होत नाही, आणि गोठवल्यानेही नाही. हिशेब मांडून पाहू. १२ ग्रॅम काळ्या चहात ३ टक्के धरले तर ३६० मिलिग्रॅम कॅफीन होते. ते सगळेच उतरले असे गृहीत धरले, प्रत्यक्षात तसे होत नाही, तरी सहा वाढण्यांत प्रत्येकी ६० मिलिग्रॅम येते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम, गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅम आणि मुलांसाठी वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम ही मर्यादा सुरक्षित मानली. प्रौढांना एका वाटीने काही होणार नाही. २० किलो वजनाच्या मुलाची मर्यादा मात्र बरोबर ६० मिलिग्रॅम येते, आणि गाळला न जाणारा माचा असेल तर पानातले सगळे कॅफीन खरोखरच वाटीत असते. मुलांच्या वाटीसाठी रूइबॉस हा चांगला पर्याय आहे. ती दक्षिण आफ्रिकेतील वेगळी वनस्पती असल्याने तिच्यात कॅफीन नसते आणि तुरट द्रव्येही कमी असतात. त्यामुळे ती क्रीममध्ये वीस मिनिटे विसरली तरी कडू होत नाही. झोपायच्या वेळी गोड खाणाऱ्या मोठ्यांनाही ती चालेल.